ठरलेल्या कोनांवर थांबणारा फिरता सांधा : एका पॅरामेट्रिक मॉडेलचा प्रकरण अभ्यास

गणिताच्या एका शिक्षकांना वहीवर उदाहरणे सोडवताना त्यांचे वरून चित्रीकरण करायचे होते आणि त्यासाठी मोबाइल धरून ठेवणारा, टेबलाच्या कडेला बसणारा, दोन दुव्यांचा हात हवा होता. बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक हातांचे सांधे केवळ घर्षणावर चालतात. नट आवळला तरी तास संपेपर्यंत मोबाइल थोडा झुकतो, आणि त्याहून मोठी अडचण अशी की काल ज्या कोनातून चित्रीकरण झाले तोच कोन आज पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून मधला सांधा दर १५ अंशांवर ‘टक्’ असा थांबावा, पाना किंवा स्क्रू हाती न घेता फिरवता यावा आणि सोडल्यावर जागचा हलू नये, अशी मागणी होती. सांध्यापासून मोबाइलपर्यंतचे अंतर २२० मिमी, मोबाइल व त्याचा चिमटा मिळून २५० ग्रॅम आणि त्या दुव्याचे स्वतःचे वजन ६० ग्रॅम, एवढी माहिती सुरुवातीला हातात होती.

हाच सांधा पुढे टॅब्लेटसाठी आणि टेबलावरच्या दिव्यासाठीही वापरायचा असल्यामुळे तो फ्रीकॅड या संगणकीय आरेखनाच्या प्रणालीत पॅरामेट्रिक पद्धतीने, म्हणजे मापे बदलली की आकार आपोआप बदलेल अशा रीतीने, उभारायचे ठरले. मॉडेलमध्ये किती आकडे बदलता येतात, याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. कोणता आकडा माणसाने द्यायचा, कोणता इतर आकड्यांवरून आपोआप ठरायचा आणि कोणत्या जुळणीला मॉडेलने स्पष्ट नकार द्यायचा, हे ठरवणे हेच खरे मॉडेलिंग असते. टप्प्याटप्प्याने थांबणारा सांधा ही गोष्ट शिकण्यासाठी फार चांगले उदाहरण आहे, कारण त्यातले जवळजवळ प्रत्येक माप दुसऱ्या कुठल्या तरी मापाशी बांधलेले असते.

रचनेची निवड

थ्रीडी प्रिंटरवर असा सांधा करायचा तर सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे वाकणारी छापील जीभ आणि तिच्यासमोर खाचांचे कडे. एकाच वेळी सारे छापून होते आणि काही विकत आणावे लागत नाही. परंतु जिभेचा जोर तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, आणि ०.४ मिमी नोझलने (प्लॅस्टिक सोडणाऱ्या तोटीने) छापलेल्या पातळ भिंतीची जाडी व्यवहारात रेषांच्या पटीतच नीट येते. जाडी १.२ वरून १.६ मिमी केली की जोर जवळपास २.४ पट होतो; मधले मूल्य हवे असेल तर लांबीशी खेळावे लागते. शिवाय पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लॅस्टिक सतत वाकलेल्या स्थितीत राहिले की हळूहळू सैलावते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातला ‘टक्’ काही महिन्यांनी तसाच राहत नाही.

म्हणून छर्रा, स्प्रिंग आणि शंकूच्या आकाराचे खळगे हा जुना मार्ग निवडला. जुन्या रेडिओच्या बँडस्विचमध्ये किंवा प्रयोगशाळेतल्या फिरत्या स्विचमध्ये हेच तत्त्व वापरलेले असते. एका तबकडीत आंधळी, म्हणजे आरपार न जाणारी, भोके असतात, त्यांत आधी स्प्रिंग आणि तिच्यावर पोलादी छर्रा बसतो. समोरच्या तबकडीवर वर्तुळात खळगे असतात. या रचनेचा फायदा असा की जोर देणारी वस्तू विकतची, धातूची आणि स्वतंत्रपणे मोजता येणारी असते, आणि छापलेल्या प्लॅस्टिकवर फक्त आकार सांभाळण्याचे काम उरते.

छर्रा खळग्यात नेमका कुठे टेकतो

६ मिमी व्यासाचा छर्रा घेतला आणि खळग्याचे तोंड ४ मिमी ठेवले. शंकूचा पूर्ण कोन किती असावा हा पुढचा प्रश्न, आणि येथे घाईने ९० अंश घेण्याचा मोह होतो. ९० अंशांच्या शंकूत ६ मिमी छर्रा ज्या वर्तुळावर टेकतो त्याचा व्यास ४.२४ मिमी येतो, म्हणजे ४ मिमी तोंडाच्या खळग्यात तो शंकूच्या भिंतीवर टेकतच नाही. तो तोंडाच्या कडेवर बसतो. छापलेल्या प्लॅस्टिकची ती धारदार कड काही शे फेऱ्यांत गुळगुळीत होते आणि सांध्याची पकड तिच्याबरोबर जाते. शंकू १२० अंशांचा घेतला तर टेकण्याच्या वर्तुळाचा व्यास बरोबर ३ मिमी येतो, म्हणजे छर्रा तोंडापासून अर्धा मिलिमीटर आत, भिंतीवर व्यवस्थित बसतो. सूत्र साधे आहे: टेकण्याचा व्यास म्हणजे छर्र्याचा व्यास गुणिले शंकूच्या अर्ध्या कोनाची कोसाइन. हा व्यास तोंडाच्या व्यासापेक्षा किमान ०.६ मिमीने लहान असलाच पाहिजे, अशी पहिली अट मॉडेलच्या मापांच्या तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) लिहिली.

१२० अंश निवडण्यामागे आणखी एक सोय आहे. साध्या ड्रिलचे टोक ११८ अंशांचे असते, त्यामुळे छापलेले खळगे हाताने ड्रिल फिरवून साफ करता येतात, आणि पुढे कोणी हीच तबकडी ॲल्युमिनियमची करायची म्हटली तरी वेगळे हत्यार लागत नाही.

या शंकूची भिंत तबकडीच्या पृष्ठाशी ३० अंशांचा कोन करते. छर्रा पृष्ठाच्या खाली ०.६९ मिमी बुडतो, आणि खळग्यातून बाहेर पडताना तेवढाच वर चढतो. हा चढ दोन भागांत होतो, आणि त्याकडे नीट पाहणे आवश्यक आहे: पहिला अर्धा मिलिमीटर छर्रा ३० अंशांच्या सरळ भिंतीवर चढतो, त्यानंतरचा दीड मिलिमीटर तो तोंडाच्या कडेवरून ओलांडत जातो आणि त्या वेळी चढाचा कोन ३० अंशांपासून शून्यापर्यंत कमी होत जातो. म्हणजे सांध्याची पूर्ण पकड फक्त पहिल्या अर्ध्या मिलिमीटरपुरती असते. या निरीक्षणाचा उपयोग पुढे ऊर्जेचा हिशेब करताना झाला.

मॉडेल काहीच तक्रार करत नाही तेव्हा

फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट उघडून प्रत्येक मापाला नाव दिले आणि दोन्ही तबकड्यांची स्केचे त्या नावांशी जोडली. दोन तबकड्यांसाठी दोन स्वतंत्र बॉडी (घन भाग) केल्या, आणि एका बॉडीचे स्केच दुसऱ्या बॉडीच्या पृष्ठावर कुठेही टेकवले नाही. दोघीही फक्त तक्त्यातून आणि मूळ प्रतलांवरून माप घेतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत पृष्ठांची अंतर्गत नावे बदलल्याने मॉडेल मोडण्याचा जुना त्रास बराच कमी झाला आहे, तरीही ज्या मॉडेलमध्ये खळग्यांची संख्याच बदलणार आहे तेथे पृष्ठांवर विसंबू नये, असे माझे मत आहे.

खळगा एकदाच काढला: त्रिकोणी स्केच, त्याचा ग्रूव्ह (स्केच अक्षाभोवती फिरवून केलेला काप), आणि मग पोलर पॅटर्न (त्याच कापाच्या वर्तुळात समान अंतरावर केलेल्या प्रती). त्रिकोणाची खोली स्वतंत्रपणे दिली नाही. तोंडाची त्रिज्या भागिले ६० अंशांची टॅन्जन्ट, म्हणजे १.१५ मिमी, अशी ती निघते. पॅटर्नची संख्या तक्त्यातल्या ‘क्लिकसंख्या’ या कक्षाला (सेलला) बांधली, आणि १५ अंशांसाठी तिचे मूल्य २४ ठेवले.

खळग्यांच्या वर्तुळाची त्रिज्या, सांधा आटोपशीर दिसावा म्हणून, सुरुवातीला १८ मिमी धरली होती. या त्रिज्येवर शेजारच्या दोन खळग्यांच्या केंद्रांमधले अंतर ४.७० मिमी येते आणि तोंडे ४ मिमीची असल्याने मध्ये फक्त ०.७० मिमी रुंदीचा बांध उरतो. ०.४ मिमी नोझलच्या दोन रेषा शेजारी बसण्यासाठी साधारण ०.८५ ते ०.९ मिमी लागतात. स्लायसर, म्हणजे मॉडेलचे छपाईच्या थरांत रूपांतर करणारी प्रणाली, मग तो बांध एकाच रेषेत काढतो किंवा काही ठिकाणी वगळतो, आणि छर्रा नेमक्या त्याच बांधावरून जायचा असतो.

क्लिकसंख्या ३० केली असती तर बांध शून्याच्या खाली गेला असता, खळगे एकमेकांत मिसळले असते, आणि तरीही फ्रीकॅडने कोणतीही चूक न दाखवता मॉडेल पुन्हा तयार करून दिले असते. भूमितीच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. एकमेकांत शिरलेले शंकू कापून काढणे ही पूर्ण वैध क्रिया आहे. पडद्यावर नक्षीदार कडे दिसते आणि ते दिसायला सुबकही असते, पण त्याच्या माथ्यावर उरलेल्या धारा छर्र्याखाली टिकत नाहीत. मॉडेलच्या टप्प्यांच्या यादीत एकही चूक दिसत नाही म्हणजे सांधा चालेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

म्हणून त्रिज्या हा आकडा माणसाच्या हातातून काढून घेतला. बांधाची किमान रुंदी १ मिमी ठरवली; मग त्रिज्या म्हणजे तोंडाचा व्यास अधिक बांध, भागिले दोन गुणिले अर्ध्या पायरी-कोनाची (दोन शेजारच्या थांब्यांमधल्या कोनाच्या निम्म्याची) साइन. २४ क्लिकसाठी ती १९.१५ मिमी येते आणि पुढच्या पूर्ण मिलिमीटरला, म्हणजे २० मिमीला, बांधली जाते. प्रत्यक्षात बांध १.२२ मिमी मिळतो. या दोन मिलिमीटरांनी आणखी एक काम केले: त्रिज्या वाढल्याने तेवढ्याच टॉर्कसाठी (फिरवणाऱ्या जोरासाठी) स्प्रिंगांना कमी जोर पुरतो. बांध उगाच रुंद ठेवूनही चालत नाही, कारण त्याच्या सपाट माथ्यावर छर्रा असताना सांध्याला कोणत्याच खळग्याची ओढ नसते. बांध जितका अरुंद तितका ‘टक्’ कडक.

कोणी ३६ क्लिक मागितले, म्हणजे दर १० अंशांना थांबा, तर याच सूत्राने त्रिज्या २९ मिमी येते आणि तबकडीचा व्यास ७० मिमीपर्यंत जातो. तेव्हा ४ मिमी छर्रा आणि ३ मिमी तोंड घेतले की त्रिज्या २३ मिमीवर येते. हे मॉडेल स्वतः सुचवत नाही, पण तबकडी अवाढव्य झालेली लगेच दिसते आणि कोणता आकडा बदलायचा ते कळते.

तीन छर्रे कुठे बसवायचे

छर्रे तीन आणि खळगे २४ असतील तर छर्रे १२० अंशांवर ठेवून भागते, कारण २४ ला ३ ने पूर्ण भाग जातो. क्लिकसंख्या २० केली की १२० अंशांवरचा छर्रा खळग्याऐवजी दोन खळग्यांच्या मध्ये येतो आणि तिन्ही छर्रे कधीच एकदम बसत नाहीत. येथे ‘भाग जातो का’ अशी अट घालून नकार देता आला असता, पण त्याहून चांगला उपाय होता. प्रत्येक छर्र्याचा कोन सरळ १२० च्या पटीत न देता, त्या कोनाच्या सर्वांत जवळच्या खळग्याचा कोन दिला: छर्र्याचा क्रमांक गुणिले क्लिकसंख्या भागिले छर्रेसंख्या, जवळच्या पूर्णांकात, गुणिले पायरी-कोन. २० क्लिकसाठी छर्रे ०, १२६ आणि २३४ अंशांवर जातात. २४ साठी तेच सूत्र आपसूक ०, १२० आणि २४० देते. जोराची वाटणी किंचित असमान होते, पण या वजनाला त्याचा त्रास नाही. अशा असमान कोनांसाठी पोलर पॅटर्न उपयोगाचा नसल्यामुळे भोकांची केंद्रे एकाच स्केचमध्ये कोनाच्या बंधनांनी बसवली.

वजनापासून भोकाच्या खोलीपर्यंत

मोबाइलचे वजन आणि दुव्याची लांबी यांवरून सांध्यावर येणारा टॉर्क ०.६०४ न्यूटन-मीटर निघतो. दीडपट पकड धरली की ०.९०६. २० मिमी त्रिज्येवर हा स्पर्शरेषेतला ४५.३ न्यूटन जोर झाला. ३० अंशांच्या भिंतीसाठी तो ३० अंशांच्या टॅन्जन्टने भागला की तिन्ही स्प्रिंगांचा मिळून ७८.५ न्यूटन, म्हणजे प्रत्येकी सुमारे २६ न्यूटन जोर लागतो. घर्षणाची मदत येथे मुद्दाम धरली नाही, कारण पकड मोजताना घर्षणावर विसंबणे म्हणजे बाजारातल्या सांध्याचीच अडचण पुन्हा ओढवून घेणे.

स्प्रिंग ०.८ मिमी तारेची, ५.२ मिमी मध्यव्यासाची, सहा कार्यरत वेढ्यांची आणि १४ मिमी मूळ लांबीची निवडली. सूत्राने तिचा ताठपणा मिलिमीटरला ४.८ न्यूटन येतो, म्हणून २६ न्यूटनसाठी ती ५.४ मिमी दाबावी लागते. तारेची जाडी या सूत्रात चतुर्थ घाताने येते: मध्यव्यास तोच ठेवून तार ०.७ मिमीची निघाली तर ताठपणा ५९ टक्क्यांवर उतरतो. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या स्प्रिंगवर माप लिहिलेले नसते, त्यामुळे सूत्रावर थांबू नये. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर स्प्रिंग उभी ठेवून, व्हर्निअर कॅलिपरने लांबी पाहत दाबली, की दर मिलिमीटरला साधारण ४९० ग्रॅम वाढायला हवेत. जो आकडा येईल तोच तक्त्यात भरावा.

येथून पुढचे सारे आपोआप ठरते. छर्र्याचे केंद्र खळग्यांच्या पृष्ठापासून २.३१ मिमी वर असते. तबकड्यांमधली फट ०.२ मिमी धरली, तर स्प्रिंगची दाबलेली लांबी ८.६, छर्र्याची त्रिज्या ३ आणि केंद्राचे भोकातले स्थान २.१ मिमी मिळून भोकाची खोली १३.७ मिमी येते. मोबाइल जड झाला की टॉर्क वाढतो, जोर वाढतो, स्प्रिंग अधिक दाबावी लागते आणि भोक उथळ होते. ही साखळी अखंड राहिली पाहिजे. भोकाची खोली तक्त्यात थेट आकडा म्हणून लिहिली तर मॉडेल दिसायला पॅरामेट्रिक राहते, पण वजनाचा कक्ष बदलून काहीच होत नाही. दोन अटी या साखळीला जोडल्या. छर्र्याचे केंद्र भोकाच्या आतच असले पाहिजे, नाहीतर छर्रा तिरका होऊन अडकतो. आणि पूर्ण चढ झाल्यावरही स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडता कामा नयेत. या स्प्रिंगची भिडलेली लांबी ६.४ मिमी असल्याने ७.६ मिमी दाबता येते, गरज ६.१ मिमीची आहे, म्हणून दीड मिलिमीटर शिल्लक राहतो.

या टप्प्यावर एक जाळे टाळावे लागते. तयार मॉडेलवरून एखादी लांबी मोजून ती पुन्हा त्याच तक्त्यात आणली, तर तक्ता मॉडेलवर आणि मॉडेल तक्त्यावर अवलंबून राहते आणि फ्रीकॅड आकडेमोड थांबवतो. जे माप हवे ते तक्त्यातच सूत्राने काढावे. मॉडेलवरून मोजणे फक्त पडताळ्यासाठी ठेवावे.

पकड पुरेशी, तरी हात का घसरतो

दीडपट पकड असलेला सांधा स्थिर असताना मोबाइल नीट धरतो. पण हात फिरवताना कोणी तो दोन थांब्यांच्या मध्येच सोडला तर काय होते, हे टॉर्कच्या हिशेबात दिसत नाही; ते ऊर्जेच्या हिशेबात दिसते. एक खळगा ओलांडायला स्प्रिंगा वर चढवण्याचे काम सुमारे ५८ मिलिज्यूल आहे, आणि ते पुढच्या खळग्यात उतरताना परत मिळते. हात मात्र १५ अंश खाली येताना गुरुत्वामुळे १५८ मिलिज्यूल कमावतो. घर्षण नसेल तर बांधावरून सुटलेला हात पहिल्या खळग्यात थांबणार नाही, दुसऱ्यातही थांबणार नाही. प्रत्येक पायरीला त्याचा वेग वाढतच जाईल आणि मोबाइल वहीवर आदळेल. चढाचा जोर पहिल्या अर्ध्या मिलिमीटरनंतर ओसरत जातो, म्हणून पकडीचा आकडा मोठा आणि अडवण्याची ऊर्जा लहान, अशी ही विसंगती निर्माण होते.

स्प्रिंगा दुप्पट ताठ केल्या तरी प्रश्न सुटत नाही, कारण चढताना घेतलेली ऊर्जा उतरताना परत मिळतेच. प्रत्येक पायरीला ऊर्जा खर्च करणारे काहीतरी हवे, आणि ते घर्षणच आहे. घर्षणाचा टॉर्क गुरुत्वाच्या टॉर्कइतका किंवा थोडा अधिक असेल, तर मध्येच सोडलेला हात पळत नाही. तो आहे तेथे थांबतो किंवा जवळच्या खळग्यात बसतो. त्यामुळे सांध्याची कामे वाटून दिली: कोन अचूक ठरवण्याचे आणि बसल्यावर धरून ठेवण्याचे काम छर्र्यांचे, पडणारा हात रोखण्याचे काम घर्षणाचे. या सांध्याच्या रचनेतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता असे मला वाटते.

त्यासाठी दोन तबकड्यांच्या मध्ये, छर्र्यांच्या वर्तुळाच्या आत, १ मिमी जाडीचा फायबर वॉशर घातला, दुसरा बाहेरच्या बाजूला नटाखाली घातला, आणि एम६ (६ मिमी) बोल्टवर नायलॉक नटाखाली (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणाऱ्या नटाखाली) डिस्क स्प्रिंग, म्हणजे बशीसारखी चपटी स्प्रिंग, ठेवली. बोल्टचे डोके एका तबकडीच्या षट्कोनी खाचेत अडकवले, म्हणजे हात फिरवताना नट सैल होत नाही. येथे मॉडेलची साखळी कामी आली: तबकड्यांमधली फट ०.२ वरून १ मिमी झाली, भोकाची खोली आपोआप १२.९ मिमीवर आली, आणि छर्र्याचे केंद्र अजूनही १.३ मिमी आत आहे हे अटीच्या कक्षाने दाखवले. हाताने एकही स्केच उघडावे लागले नाही.

नट किती आवळायचा हे ठरवण्यासाठी खळगे नसलेली साधी तबकडी त्याच मॉडेलमधून, पोलर पॅटर्न आणि मूळ खळगा तात्पुरते बंद ठेवून, वेगळी छापली. ती तबकडी छर्रे आणि स्प्रिंगांसह जोडायची, मोबाइल लावायचा, आणि हात आडवा धरून सोडल्यावर तो जेमतेम जागेवर राहील इतका नट आवळायचा. आवळलेली उंची कॅलिपरने टिपून घ्यायची आणि मग खळग्यांची तबकडी बसवून तेवढाच नट आवळायचा. साध्या तबकडीवर छर्रे बांधाच्या माथ्याइतकेच दाबलेले असतात, त्यामुळे स्प्रिंगांचा जोर किंचित जास्त धरला जातो. म्हणून शेवटी नट थोडा अधिक आवळावा.

फट, खेळ आणि छपाई

भोकाचा व्यास छर्र्यापेक्षा ०.३ मिमी जास्त ठेवला, कारण छापलेली भोके बहुधा आखलेल्या मापापेक्षा लहान येतात. पण २० मिमी त्रिज्येवरचा हा ०.३ मिमी खेळ (सैलपणा) २२० मिमीवर अकरा पटींनी ३.३ मिमी होतो. वजन नेहमी खालीच ओढत असल्याने चित्रीकरणात तो दिसत नाही, मात्र पडद्याला बोट लावले की मोबाइल डुलतो. उपाय म्हणून तिसऱ्या छर्र्याच्या कोनात ०.४ अंशांचे विचलन मुद्दाम घातले. तो छर्रा शंकूच्या एका भिंतीवर आणि उरलेले दोन विरुद्ध भिंतींवर रेलतात, आणि खेळ बराच कमी होतो. हे विचलन तक्त्यात वेगळ्या नावाने ठेवले आहे, म्हणजे दिव्यासारख्या कामाला नको असेल तर शून्य करता येते.

जुळणी तपासताना फ्रीकॅडच्या असेंब्ली या भाग जोडून पाहण्याच्या विभागातला फिरता जोड उपयोगी पडतो, पण तो सलग फिरतो. त्याला थांबे ठाऊक नसतात. म्हणून फिरत्या तबकडीचा कोन ‘स्थानक्रमांक गुणिले पायरी-कोन’ असा बांधला. स्थानक्रमांक पूर्णांक असेल तर छर्रे खळग्यात बसलेले दिसतात. तो अर्धा ठेवला की छर्रे बांधाच्या माथ्यावर येतात, आणि छर्र्याचे मॉडेल ०.६९ मिमी मागे सरकवून त्या स्थितीत काही एकमेकांत घुसते का ते छेद घेऊन पाहता येते. बहुतेक जण बसलेली स्थिती तपासून थांबतात. अडचणी अर्ध्या स्थितीत सापडतात.

तबकड्या पीईटीजी या पीएलएपेक्षा जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापल्या. बंद गाडीत उन्हाळ्यात राहिलेले पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि स्प्रिंगचा जोर त्यावर सतत असतोच. खळग्यांची तबकडी खळगे वर करून छापावी. उलटी छापली तर ३० अंशांचा उतार हवेत लोंबतो. ०.२ मिमी थरात शंकूच्या भिंतीवर जेमतेम सहा पायऱ्या पडतात आणि फिरवताना त्या बोटांना जाणवतात, ०.१२ मिमी थर घेऊन नंतर ड्रिल हाताने फिरवली की भिंत गुळगुळीत होते. ड्रिल खळग्याच्या तोंडापेक्षा मोठ्या व्यासाची घ्यावी आणि खोली वाढू देऊ नये.

घर्षणांक ०.२ धरून मोबाइलचा हात टोकाशी धरून वर उचलायला साधारण १२ न्यूटन, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास जोर लागतो. खाली आणायला त्याच्या निम्मा. एका हाताने हे सहज होते.

टॅब्लेटची पाळी

५०० ग्रॅमचा टॅब्लेट बसवण्यासाठी तक्त्यात फक्त वजनाचा कक्ष बदलला तेव्हा मॉडेलने नकार दिला. प्रत्येक स्प्रिंगकडून ४९.५ न्यूटन हवे होते, त्यासाठी ती १०.३ मिमी दाबावी लागली असती, आणि ७.६ मिमीवर तिचे वेढे भिडतात. १ मिमी तारेची स्प्रिंग घेणे हा एक मार्ग होता, पण तिचा ताठपणा मिलिमीटरला १३ न्यूटनांवर जातो आणि छपाईतल्या ०.२ मिमी फरकाने जोर अडीच न्यूटनांहून अधिक हलतो. त्याऐवजी छर्रेसंख्या ३ ची ६ केली. प्रत्येक स्प्रिंगवर २४.८ न्यूटन आले, तीच स्प्रिंग चालली, २४ ला ६ ने भाग जात असल्याने छर्रे ६० अंशांवर बसले आणि तबकडीचा व्यास तसाच राहिला. टॅब्लेट वर उचलायला आता २२ न्यूटनांच्या आसपास जोर लागतो, त्यामुळे तो हात दोन हातांनी फिरवावा असे त्या शिक्षकांना सांगितले आहे. दिव्याच्या हातासाठी हाच तक्ता वापरताना दिव्याच्या उष्णतेचा विचार वेगळा करावा लागेल, कारण मॉडेलमध्ये तापमानाचा कक्ष नाही.